फाटलेला आवाज गोड कसा लागतो?

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांपासून इलेक्ट्रिक गिटार शिकतो आहे. ‘क्वीन’ या इंग्लिश बँडचा ब्रायन मे त्याचा आवडता वादक. त्याच्यासारखा आवाज यावा म्हणून मुलाने साठवलेल्या पैशांतून डिस्टॉर्शनचे पेडल आणले. पण आमच्या घरात जो आवाज निघतो तो मांडवातला कर्णा फाटल्यासारखा. रेकॉर्डवर मात्र गिटार कधी व्हायोलिनसारखी, कधी माणसाच्या गळ्यासारखी गाते. ॲम्प्लिफायरचे काम आवाज मोठा करणे एवढेच ना? मग वादकाची ओळख त्यावरून कशी ठरते? मे नाण्याने वाजवतो आणि त्याची गिटार त्याने घरीच बनवली आहे, असे मुलगा सांगतो. हे खरे, की चाहत्यांनी रचलेल्या गोष्टी? आम्ही नेमके काय विकत घ्यायला हवे होते? (एक वाचक, वाई)

उत्तर : नाणे खरे आहे आणि घरी बनवलेली गिटारही खरी आहे. दोन्हींकडे येतोच. आधी ॲम्प्लिफायरची शंका घेऊ, कारण ती अनेकांच्या मनात असते आणि बाकीची उत्तरे तिच्यातूनच निघतात.

सभेतल्या लाउडस्पीकरला जोडलेला ॲम्प्लिफायर वक्त्याच्या आवाजात स्वतःचे काही घालत नाही, निदान त्याने घालू नये अशी अपेक्षा असते. गिटारचा ॲम्प्लिफायर या जातीचा नाही. तो वाद्याचाच भाग आहे. सतारीला भोपळा असतो, व्हायोलिनला लाकडी पेटी असते. तारेचा क्षीण आवाज त्या पोकळीत घुमून बाहेर पडतो आणि पोकळीची ठेवण त्याला लागते. इलेक्ट्रिक गिटारला असा भोपळा नसतो. तारांखाली पिकअप बसवलेले असतात, म्हणजे लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. तिचा आवाज करण्याचे काम ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मिळून करतात. भोपळा बदलला तर सतार बदलते हे तुम्ही सहज मान्य कराल. इथेही तेच होते.

आता आवाज ‘फाटतो’ म्हणजे काय होते ते पाहू. प्रत्येक ॲम्प्लिफायरला मर्यादा असते. आत येणारी लाट लहान असेल तोवर तो तिची हुबेहूब मोठी प्रत काढतो. लाट वाढत गेली की तिचा माथा छताला टेकतो. त्याच्या वर जागाच नसल्यामुळे माथा चपटा होतो. तुम्ही वाईचे, म्हणून पाचगणीचे टेबललँड डोळ्यांसमोर आणा : वर चढत गेलेला डोंगर आणि शिखराच्या जागी सपाट पठार. लाटेचे नेमके असेच होते.

माथा चपटा झाला की आवाजात नवे सूर येतात. समजा, तार सेकंदाला ११० वेळा थरथरते आहे. चपट्या झालेल्या लाटेत ११०च्या जोडीला २२०, ३३०, ४४० असे तिच्याच पटींतले सूर जोर धरतात. हे सगळे मूळ सुराच्या घरातलेच. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की एका तारेतून जे अनेक स्वर उमलतात, तेही याच पटींतले असतात. म्हणून एकच सूर फाटला तर तो बेसूर होत नाही. उलट भरीव होतो, त्याला धार येते.

आणखीही एक गोष्ट घडते. छेडलेल्या तारेचा आवाज क्षणाक्षणाला विरत जातो. पण लाट छताच्या पुष्कळ वर जाऊ पाहणारी असेल, तर ती निम्म्यावर आली तरी छताला टेकलेलीच राहते. आपल्याला आवाज तेवढाच ऐकू येतो. गिटारचा टणत्कार जाऊन व्हायोलिनच्या गजाने ओढल्यासारखा लांब सूर मिळतो तो यामुळे. रेकॉर्डवर जो ‘गाणारा’ आवाज तुम्ही ऐकता, त्याचे मूळ या चपट्या माथ्यात आहे.

मग तुमच्या घरी कर्णा का फाटला? माझा अंदाज असा की मुलगा पेडल सुरू करून सहाच्या सहा तारांचा पूर्ण कॉर्ड वाजवतो. दोन सूर एकाच वेळी फाटले तर त्यांच्या पटी मिळतातच, शिवाय दोघांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकीही आवाजात येते. सा आणि प घ्या. ११० आणि १६५. वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. सुरेल सूर आला, चिंता नाही. रॉकमधले वादक जोरदार फाटक्या आवाजात बहुतेक वेळा सा-प एवढीच जोडी का वाजवतात, त्याचे कारण हे. आता सा आणि ग घ्या. शुद्ध, नैसर्गिक गंधार १३७.५ला येतो. पण गिटारचे पडदे हार्मोनियमच्या पट्ट्यांप्रमाणे समान अंतरांवर बेतलेले असल्यामुळे तिचा गंधार जरा चढा, सुमारे १३८.६ला येतो. वजाबाकी २७.५ ऐवजी २८.६. हा सूर ना सा, ना दुसरे काही. सहा तारा एकत्र फाटल्या तर असे किती भटके सूर तयार होतील, त्याची कल्पना करा. तोच तुमच्या घरातला कर्णा.

ब्रायन मे यांच्या आवाजाचे मर्म मला इथे दिसते. फाटण्यातला गोडवा एकेकट्या सुराला मिळतो, गर्दीला नाही. त्यांच्या साखळीतली जवळजवळ प्रत्येक कडी या एका गोष्टीची काळजी घेते. तसा हेतू मनात ठेवून त्यांनी सगळे आखले असे मी म्हणत नाही. पण ते विज्ञानाचे विद्यार्थी. पुढे २००७ मध्ये त्यांनी लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातून सूर्यमालेतल्या धुळीवर डॉक्टरेट पूर्ण केली. असा माणूस कानाला खटकलेल्या गोष्टीचे कारण शोधल्याशिवाय राहत नाही.

पहिली कडी गिटार. १९६३च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ब्रायन आणि त्यांचे वडील हॅरॉल्ड यांनी ती बनवायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. दुकानातली चांगली गिटार परवडणारी नव्हती. काम जवळपास दोन वर्षे चालले. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीतले महोगनीचे लाकूड घेतले. त्यात किडीने केलेली भोके काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. धडाचा मधला भाग एका जुन्या टेबलाच्या ओकचा. पडद्यांवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे उपयोगी पडली. सूर खालीवर हलवण्याच्या दांडीच्या टोकाला आईचीच विणकामाची सुई, आणि त्या यंत्रणेच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या. ‘रेड स्पेशल’ म्हणून ओळखली जाणारी हीच गिटार ते आजतागायत वाजवत आले आहेत. मला ही हकीकत फार प्रिय आहे. काटकसर तर तिच्यात आहेच, पण बाप-लेकांनी प्रत्येक तुकडा विचार करून निवडला आहे हे मला अधिक मोलाचे वाटते.

आवाजाच्या दृष्टीने त्या गिटारीत तीन गोष्टी महत्त्वाच्या. धड पूर्ण भरीव नाही. त्यात मुद्दाम पोकळ कप्पे ठेवले आहेत. स्पीकरचा आवाज या लाकडाला हलवतो, लाकूड तारेला हलवते, तार पुन्हा स्पीकरला खाद्य पुरवते आणि सूर हवा तितका वेळ तेवत राहतो. यालाच फीडबॅक म्हणतात. कर्ण्यासमोर माईक नेला की जी शिट्टी वाजते तोही फीडबॅकच, मात्र नकोसा. पिकअपच्या आतले वेढे सैल असतील तर ते स्वतःच थरथरतात आणि गिटारमधूनही तशी शिट्टी येते. म्हणून मे यांनी आपल्या बर्न्स कंपनीच्या पिकअपमध्ये अराल्डाइट ओतून वेढे गच्च बसवले. तार हलावी, पिकअप हलू नये.

तिसरी गोष्ट जोडणीची. गिटारमध्ये तीन पिकअप आहेत आणि ते टॉर्चमधल्या सेलसारखे एकामागे एक जोडले आहेत. एकाहून अधिक पिकअप असलेल्या बहुतेक गिटारींत ते समांतर असतात. एकामागे एक जोडल्याने सगळ्यांची वीज एकमेकींत मिळते, आवाज दणकट होतो आणि पुढे ॲम्प्लिफायरला छताला टेकवणे सोपे जाते. शिवाय प्रत्येक पिकअपला दोन बटणे. एकाने तो चालू-बंद होतो, दुसऱ्याने त्याची दिशा उलटते. दोन पिकअप उलट दिशांनी लावले की दोघांत जे समान असते, म्हणजे मुख्यतः खर्जाचा भाग, ते एकमेकांना खाऊन टाकते आणि मागे बारीक, नाकातला, टोचणारा आवाज उरतो. पेडलला हात न लावता गिटारवरच इतके रंग मिळतात.

दुसरी कडी त्यांना लंडनच्या मार्की क्लबमध्ये सापडली. तिथे आयर्लंडचा रोरी गॅलघर ‘टेस्ट’ या आपल्या बँडबरोबर वाजवायचा. कार्यक्रम संपल्यावर मे मागे थांबले आणि थेट विचारले, की हा आवाज कशातून येतो? गॅलघरने हातचे काही न राखता सांगितले : व्हॉक्सचा एसी-३० ॲम्प्लिफायर आणि रेंजमास्टर नावाची एक डबी. मे यांनी ही आठवण अनेकदा कृतज्ञतेने सांगितली आहे.

रेंजमास्टर हा ‘ट्रेबल बूस्टर’, म्हणजे तार सूर उचलणारी डबी. आत जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर आणि मोजके सुटे भाग. नावामुळे एक गैरसमज हमखास होतो, की ती लावली तर आवाज पातळ आणि किरकिरा होईल. साध्या, न फाटणाऱ्या ॲम्प्लिफायरला लावली तर होईलही. पण इथे तिचे काम निराळे. ती दोन गोष्टी एकदम करते : खर्ज कापते आणि उरलेला आवाज कित्येक पटींनी वाढवून पुढे ढकलते.

खर्ज का कापायचा? खर्जाची लाट सर्वांत मोठी. ती सगळ्यांच्या आधी छताला टेकते आणि तिच्या पाठीवर बसलेल्या लहान लाटाही चपट्या करते. कान त्याला भसाडा म्हणतो. ॲम्प्लिफायरमध्ये शिरण्यापूर्वीच खर्ज कमी केला, तर मधल्या आणि वरच्या सुरांना फाटायला मोकळी जागा मिळते. आवाजाचा भरीवपणा नंतर स्पीकर आणि त्याची लाकडी पेटी थोडाफार परत देतात. स्वयंपाकात फोडणीआधी भाजीचे पाणी निथळून घेतात, तसाच हा क्रम आहे. आधी काढायचे, मग तापवायचे. तुमच्या मुलाच्या पेडलआधी असे निथळणे झालेले नव्हते, असा माझा कयास आहे.

तिसरी कडी एसी-३०. इंग्लंडमधल्या डार्टफर्ड गावी टॉम जेनिंग्ज यांची वाद्यांची कंपनी होती. व्हॉक्स हे तिच्या ॲम्प्लिफायरचे नाव. तिथल्या डिक डेनी यांनी हा ॲम्प्लिफायर रचला. तो १९६०च्या सुमारास बाजारात आला. ताकद ३० वॅट, १२ इंचांचे दोन स्पीकर आणि शेवटच्या टप्प्यात ईएल-८४ जातीचे चार व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचे रेडिओ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या तांबूस उजळणाऱ्या काचेच्या नळ्या आठवतील. त्या जातीच्याच या नळ्या.

हाच ॲम्प्लिफायर ‘द शॅडोज’ या बँडचा गिटारवादक हँक मार्विन वापरायचा आणि त्याचा आवाज घंटेसारखा स्वच्छ. मग मे यांच्याकडे तो फाटतो कसा? उत्तर बटणाच्या जागेत आहे. मे आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवतात आणि पुढे बूस्टरचा रेटाही देतात. ॲम्प्लिफायर सतत छताला टेकलेला. बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश मागे आणून चुका सुधारण्याची सोय असते. त्यामुळे ते मर्यादेपर्यंत शुद्ध राहतात आणि मर्यादा ओलांडली की एकदम तुटतात. एसी-३०च्या शेवटच्या टप्प्यात ही सोय नाही. तो स्वच्छतेकडून फाटण्याकडे हळूहळू सरकतो. पठाराला कडा तुटलेला नसतो, उतार गोलसर असतो, आणि कानाला ते सोसते.

या हळूहळू सरकण्याचा फायदा मे गिटारवरच्या बटणाने घेतात. बटण खाली आणले की लाट लहान होते, छताखाली येते, आवाज स्वच्छ होतो. बटण वर नेले की तोच सूर पेटतो. पायाशी पेडल दाबून ‘स्वच्छ’ आणि ‘फाटका’ अशा दोन खोल्यांमध्ये ये-जा करण्याऐवजी ते एकाच खोलीत उजेड कमीजास्त करतात. बोटाचा जोर बदलला तरी आवाजाचा रंग बदलतो. ‘गळ्यासारखा’ असे जे तुम्हाला वाटले ते या सवलतीमुळे. माणसाचा गळाही दोनच पातळ्यांवर चालत नाही.

आता व्हायोलिनच्या ताफ्याकडे येऊ. ‘क्वीन’चे ‘किलर क्वीन’ (१९७४) हे गाणे ऐकताना मधल्या वादनात तीन गिटारी सुरांत सूर घालून चाललेल्या जाणवतात. ते तिघेही मेच आहेत. एक सूरपट्टी टेपवर वाजवून घ्यायची, मग तिच्याबरोबर दुसरी, मग तिसरी. प्रत्येक पट्टी ॲम्प्लिफायरमधून एकेकटी गेल्यामुळे एकेकटी फाटते. आधी पाहिलेली बेरीज-वजाबाकीची गडबड होतच नाही. नंतर टेपवर त्या एकत्र येतात तेव्हा त्यांच्यात भांडण नसते. हेच तीन सूर एका गिटारवर एकदम वाजवून एकाच ॲम्प्लिफायरमध्ये घातले असते तर तुमच्या घरातला कर्णा ऐकू आला असता. रेकॉर्डवरचा भरगच्च, तरी सुटा-सुटा ऐकू येणारा ताफा पेडलमधून येत नाही. तो एका वेळी एकाच सुराला वाट देण्याच्या चिकाटीतून येतो.

या ताफ्यासाठी त्यांच्याकडे आणखी एक नवल होते. बँडचा बास वादक जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत वायरी लोंबणारे एक सर्किट सापडले. ते एका लहानशा पोर्टेबल रेडिओतले होते, हे बऱ्याच वर्षांनी उलगडले. डीकनने ते पुस्तकांच्या कपाटात मावेल अशा स्पीकरच्या पेटीत बसवले आणि नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. आवाज कमीजास्त करण्याचे बटण त्याला नव्हतेच. मे यांनी बूस्टर लावून गिटार त्यात घातली आणि तिच्यातून थेट वाद्यवृंदाची छटा निघाली. ‘डीकी ॲम्प’ म्हणून हा खोका प्रसिद्ध झाला. ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ (१९७५) या अल्बममधले ‘गुड कंपनी’ अवश्य ऐका. त्यात जुन्या जॅझ बँडची क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन वाजताना ऐकू येतात. तो सगळा बँड म्हणजे रेड स्पेशल आणि हा खोका, तुकड्यातुकड्याने ध्वनिमुद्रित केलेला.

डीकी ॲम्पमुळे दोन पक्के समज मोडतात. पहिला, की चांगले फाटायला ॲम्प्लिफायर अवाढव्य हवा. फाटणे ताकदीवर अवलंबून नाही, मर्यादेला टेकण्यावर आहे, आणि लहान ॲम्प्लिफायर लवकर टेकतो. दुसरा, की व्हॉल्व्ह तेवढे गोड आणि ट्रान्झिस्टर कर्कश. डीकी ॲम्पमध्ये एकही व्हॉल्व्ह नाही. बूस्टरमध्येही नाही. जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून माथा हळुवार दाबू शकतात. भाग कोणता, यापेक्षा माथा कसा चपटा होतो हे कानाला कळते.

मंचावर टेपचे थर चढवता येत नाहीत. तिथे त्यांनी एकोप्लेक्स हे टेपवर प्रतिध्वनी देणारे यंत्र घेतले. ध्वनी टेपवर उमटतो, टेप पुढे सरकते, वाचणाऱ्या हेडपाशी पोचली की तो सूर पुन्हा ऐकू येतो. हेड जितके दूर, तितका प्रतिध्वनी उशिरा. मे यांनी यंत्राची पट्टी लांबवून तो आणखी उशिरा येईल असे केले. मग वाजवलेला सूर परत येईपर्यंत त्याच्याशी जुळणारा पुढचा सूर छेडायचा. अशी दोन यंत्रे लावली की एक माणूस स्वतःच्याच पाठोपाठ तीन आवाजांत वाजवतो. ‘ब्रायटन रॉक’ या गाण्यातले लांबलचक एकल वादन असे आहे. आणि इथेही तोच नियम : प्रत्येक प्रतिध्वनी स्वतंत्र ॲम्प्लिफायरला जातो. सगळे एकाच ॲम्प्लिफायरमध्ये कोंबले असते तर एकमेकांत मिसळून चिखल झाला असता. मंचावर त्यांच्या मागे दिसणारी एसी-३०ची भिंत पाहून लोकांना वाटते की हा केवळ दणदणाटासाठीचा थाट. सुरांना वेगवेगळी दारे देणे हा तिचा खरा उपयोग.

इतके सगळे ऐकल्यावर हे सिंथेसायझरचे काम असणार, असा संशय त्या काळीही घेतला जाई. म्हणून ‘क्वीन’च्या १९७०च्या दशकातल्या अल्बमांच्या वेष्टनांवर सिंथेसायझर वापरलेला नाही अशी नोंद छापलेली सापडते. १९८०च्या ‘द गेम’ या अल्बमपासून बँडने तो वापरायला घेतला. आणि पुढची गंमत अशी, की ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ (१९८४) मधले जे एकल वादन पुष्कळ लोक मे यांची गिटार समजून कौतुकाने ऐकतात, ते कीबोर्डवादक फ्रेड मँडेल यांनी खरोखरच सिंथेसायझरवर वाजवले आहे. मुलाला दोन्ही एकापाठोपाठ ऐकवा. सुरुवात कशी होते तिकडे लक्ष दिले तर फरक कळेल.

तुमच्या गावाचा या कथेशी एक लहानसा संबंधही आहे. पसरणीचा घाट चढून गेले की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत ‘क्वीन’चे गायक फ्रेडी मर्क्युरी, तेव्हाचे फारुख बलसारा, शिकले आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत. मे यांच्या गिटारीला ज्या आवाजाशी बोलावे लागले त्या आवाजाची सुरुवातीची तालीम त्या डोंगरावर झाली आहे.

आता खरेदीचे. घेतलेले पेडल फुकट गेले असे समजू नका. पेडलवरचे फाटण्याचे बटण अर्ध्यावर आणा आणि गिटारचा आवाज पेडलमध्ये शिरण्यापूर्वी खर्ज कमी होईल असे पाहा. गिटारचा पुलाजवळचा पिकअप वापरला तरी बराच फरक पडतो. पूर्ण कॉर्डऐवजी एकेक सूर किंवा सा-पची जोडी वाजवू द्या. दोन-तीन आवाज हवे असतील तर घरच्या संगणकावर एकेक पट्टी वेगळी ध्वनिमुद्रित करून नंतर एकत्र ऐका. मे यांना त्यासाठी मोठा स्टुडिओ लागत होता, तुम्हाला खर्च काहीच नाही. पुढे घ्यायचेच झाले तर एक ट्रेबल बूस्टर आणि एक-दोन वॅटचा लहान ॲम्प्लिफायर पुरे. खरा एसी-३० शेवटपर्यंत फिरवला तर घरात कोणाला बसवणार नाही. जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर हाती आला तर मुलाला तो स्वतः उघडू देऊ नका. आत तीनशे व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो.

राहिले नाणे. ब्रिटनमधले जुने सहा पेन्सचे. वादक साधारणपणे प्लॅस्टिकच्या नखीने तार छेडतात. नखी वाकते आणि बोटाचा काही जोर त्या वाकण्यात जातो. नाणे वाकत नाही, म्हणून तारेला नेमके काय होते आहे ते बोटाला कळते. त्याची कड दातेरी. नाणे जरा तिरपे धरले की ते दाते तारेवरून घासत जातात आणि सुराच्या आधी बारीकशी खरखर येते. गाणाऱ्याच्या तोंडून स्वराआधी व्यंजन यावे तशी. पुढे ती खरखर बूस्टर वर उचलतो आणि ॲम्प्लिफायर तिला सुराच्या बरोबरीला आणून बसवतो. म्हणून त्यांच्या गिटारीला ‘उच्चार’ आहेत असे वाटते. हे नाणे चलनातून गेल्यावर १९९३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल मिंटने त्यांच्या दौऱ्यासाठी खास सहा पेन्स पाडून दिले होते.

ते इंग्लंडहून मागवायची गरज नाही. आपली जुनी पावली, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले २५ पैशांचे नाणे, तांबे आणि निकेल यांच्याच मिश्रणाचे, १९ मिलिमीटर व्यासाचे, दातेरी कडेचे. सहा पेन्सच्या नाण्याहून ते नखभरच लहान. २०११ मध्ये ते चलनातून गेले, पण घरातल्या एखाद्या डब्यात सापडेलच. गेंड्याचे चित्र असलेले घेऊ नका. ते नंतरचे, पोलादी आणि कठीण, तारा लवकर झिजवेल. त्याआधीचे शोधा आणि मुलाला ते हलक्या हाताने, किंचित तिरपे धरायला सांगा.